सरपंचाला घरी कोण पाठवतं?

चिखलीहून खामगावकडे जाताना वाटेत अमडापूर लागतं. बुलढाणा जिल्ह्यातलं जुनं गाव. समजा (फक्त समजा हं!), इथल्या कुणाला वाटलं की आपल्या वॉर्डाच्या ग्रामपंचायत सदस्याने नालीच्या कामात हात मारलाय. त्याला पदावरून काढायचं तर निर्णय कोण देणार? ग्रामपंचायत नाही, चिखलीचे तहसीलदार नाहीत, बुलढाण्याचे जिल्हाधिकारीसुद्धा नाहीत. निर्णय देणार विभागीय आयुक्त, आणि त्यांचं ऑफिस अमरावतीला. गावापासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे!

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर तिकीट थेट 'लेव्हल थ्री'ला. हे असं का झालं ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

१८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. पाठोपाठ १८८५च्या कायद्याने वऱ्हाडात जिल्हा आणि तालुका बोर्डं आली. नाव स्वराज्याचं, पण वरचष्मा सरकारी अधिकाऱ्यांचा. त्यामुळे सभासदाला जाब कोण विचारणार हा प्रश्नच नव्हता. अर्थात साहेब! स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभांचा प्रयोग झाला. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५८चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५९पासून लागू झाला. आज त्याचं नाव महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम आहे, पण सांगाडा तोच.

त्यातलं कलम ३९ आपल्या कामाचं. कर्तव्य बजावताना गैरवर्तन, लाजिरवाणं वर्तन, कर्तव्यात हयगय, असमर्थता किंवा सततचा हलगर्जीपणा, एवढ्या कारणांसाठी सदस्य, सरपंच किंवा उपसरपंचाला काढता येतं. मात्र 'गैरवर्तन' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्यात नाही. म्हणून सगळा भार येतो तो ठरवणाऱ्यावर.

आणि हा ठरवणारा बदलत गेला. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यानंतर बराच काळ हा अधिकार जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे होता. म्हणजे राजकारण्याचा न्याय राजकारणीच करणार. आरोपी आपल्या गटाचा की समोरच्या, हे आधी बघितलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे अधिकार आयुक्तांकडे गेला. आता आयुक्तांच्या आदेशावरून जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा उपमुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, पंचायतीला आणि त्या माणसाला नोटीस देतात, त्याची बाजू ऐकतात आणि अहवाल पाठवतात. मग आयुक्तांचा आदेश. त्यावर राज्य सरकारकडे अपील, म्हणजे मुंबई. तिथेही पटलं नाही तर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. अमडापूर, बुलढाणा, अमरावती, मुंबई, नागपूर... आणि पदाची मुदत असते मोजून पाच वर्षं.

आता गंमत बघा. त्याच कायद्यात दुसरा एक रस्ता आहे, तो म्हणजे कलम १४ची अपात्रता. १३ सप्टेंबर २००१पासून पुढे जन्मलेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली? अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण? अपात्र. पंचायतीच्या कंत्राटात हितसंबंध? अपात्र. इथे निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. यातल्या बऱ्याच कलमांचं उत्तर 'हो किंवा नाही' असं असतं, सरळ इफ-एल्स. जन्मदाखला जोडा, काम झालं. पैसे खाल्ले हे सिद्ध करायला मात्र मोजमाप पुस्तिका, पावत्या, साक्षीदार, सगळं लागतं.

त्यामुळे होतं काय, की ज्याला विरोधकाला घरी पाठवायचंय तो नालीच्या बिलाच्या मागे लागत नाही. तो विरोधकाचं घर कुठल्या जागेवर आहे ते शोधतो. जो रस्ता सोपा, तिकडे गर्दी!

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं प्रकरण याचा नमुना आहे. मनीषा पानपाटील २०२१मध्ये महिलांसाठी राखीव जागेवरून सरपंच झाल्या. तक्रार आली की त्या सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात. त्यांचं म्हणणं होतं की आपण नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो. तरी जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी ते कायम केलं, हायकोर्टातही दाद लागली नाही. अखेर सप्टेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं. एक बाई सरपंच झाली हेच गावातल्या काहींना पचलं नव्हतं, असं कोर्टाने स्पष्ट नोंदवलं. अतिक्रमणाचा नियम वाईट नाही. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, हे याच कोर्टाने २०१८मध्ये जनाबाई खटल्यात सांगितलं होतं. पण पुरावा न तपासता नियम चालवला की त्याचं हत्यार होतं.

हे फक्त खेड्यात होतं असं समजू नका. नगरपालिकेत नगराध्यक्षाला गैरवर्तनासाठी काढण्याचा अधिकार थेट राज्य सरकारकडे असतो. उरणचे नगराध्यक्ष रवी यशवंत भोईर यांच्याविरुद्ध एका माजी नगराध्यक्षाने तक्रार केली. सरकारने त्यांना काढलं, वर सहा वर्षांसाठी अपात्रही ठरवलं. मार्च २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. निवडून आलेल्या माणसाला किरकोळ अनियमिततेवरून काढता येणार नाही, कारण त्याला काढताना त्याच्या मतदारांचा हक्कही काढून घेतला जातो, असा त्याचा मतितार्थ.

आणि इथेच माझ्या मते खरी गोम आहे. साहेब, स्थायी समिती, आयुक्त, मंत्री, कोर्ट... एवढ्या सगळ्यांना आपण न्यायाधीश करून बघितलं. मतदाराला कधी विचारलं? खूप उशिरा, आणि तेही दुसऱ्याच दारातून. २०१७मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत आली (२०२०मध्ये गेली, २०२२मध्ये परत आली). त्याबरोबर नियम आला की अशा सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला, तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्याला मान्यता मिळायला हवी. पहिली दोन वर्षं तर ठराव आणताच येत नाही. म्हणजे ज्यांनी बसवलं, उठवतानाही त्यांनाच विचारायचं. पण हे अविश्वासापुरतं. गैरवर्तनाची फाईल अजूनही अमरावतीलाच जाते.

गैरवर्तन ग्रामसभेत मतदानाने ठरवा, असं मी म्हणत नाही. गावात ज्याची भावकी मोठी तो निर्दोष सुटेल आणि एकट्या माणसाचा बळी जाईल. निकाल लांबच्या, तटस्थ माणसानेच द्यावा. पण पुरावा गावातच तयार झाला पाहिजे, आणि तो गावाला दिसला पाहिजे. त्यासाठी नवीन कायदा नको. २००५पासून माहितीचा अधिकार आहे. कामाचा ठराव, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिल, एवढे चार कागद मागा, ग्रामसभेत वाचा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. 'सदस्य भ्रष्ट आहे' असा अर्ज फाईलमध्ये आरामात झोपतो. 'अमुक मीटर नालीचं बिल निघालं, जागेवर त्याच्या निम्मीच आहे, सोबत ग्रामसभेची नोंद' या अर्जाला झोपवणं जरा अवघड जातं.

आपल्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत असतो, पण कित्येकांची नावं अजून गावच्या मतदार यादीत आहेत. दिवाळीला गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत डोकावून हे चार कागद मागून बघा. ज्याने नीट काम केलंय, तो बिनदिक्कत काढून देईल.