मनोरा आणि कबर

दर वर्षी नोव्हेंबरच्या 2 तारखेस आम्ही ख्रिस्ती मंडळी आपापल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. माझ्या आजीच्या कबरीवर मीही कित्येक वर्षे मेणबत्ती लावीत आलो. ती कबर तिची नव्हेच, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

नोंदवहीत चूक नव्हती. फाटकापासून तिसरी ओळ, डावीकडून सातवी, असे त्या वेळच्या फादरांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. लाकडी क्रूस पावसाने केव्हाच कुजून गेला होता, म्हणून आम्ही नोंदीवर विसंबून मोजीत गेलो. परंतु मध्यंतरी रस्ता रुंद झाला, कुंपण आत आले आणि फाटक दुसऱ्या बाजूस गेले. मोजणी बरोबर होती; जेथून मोजावयाचे ती जागाच सरकली होती.

मृतांची नोंद ठेवण्याची आमच्यातील चाल जुनी आहे. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने धर्मगुरूंस मृतांची स्वतंत्र नोंदवही ठेवण्यास सांगितले. तीत नाव आणि तिथी काळजीपूर्वक लिहिली जाई. ठिकाण मात्र बहुधा चार शब्दांत उरके, कारण गावात राहणाऱ्यास ते ठाऊकच असे. पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची जी दफनभूमी आहे, तेथे प्रत्येक कबरीस भाग, ओळ आणि क्रमांक असा पत्ता आहे. ही पद्धत राखणाऱ्या आयोगाची स्थापना 1917 सालची. दूरदेशीच्या आईला पत्र लिहून मुलाची जागा सांगावयाची, तर ती नेमकी सांगता आली पाहिजे, ही निकड त्यामागे होती.

ठिकाण नेमके सांगण्याची विद्या ज्याने ह्या देशात रुजविली, त्याचीच कबर वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटास आहे. विल्यम लॅम्टन हे त्याचे नाव. 1802 च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीने मोजून त्याने कामास आरंभ केला. ती मोजावयास 57 दिवस लागले. एकदा एक बाजू अचूक मिळाली, की पुढे त्रिकोणाचे कोन पाहत जावयाचे; उरलेल्या बाजू गणिताने निघतात. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना मी हाच भूमितीचा धडा शिकवितो. त्यांना तो फार कंटाळवाणा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

कोन पाहावयाचा तर दोन ठिकाणे परस्परांस दिसली पाहिजेत. त्यासाठी उंच जागा हवी. डोंगर नसेल तेथे लॅम्टन देवळाच्या गोपुरावर चढे. 1808 साली सरफोजीराजांच्या तंजावरात बृहदीश्वराच्या मंदिरावर अर्ध्या टनाचे ते प्रचंड कोनमापक यंत्र चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. दुसरा कोणी असता तर विलायतेस लिहून दोन वर्षे वाट पाहत बसला असता. लॅम्टन तंबूत शिरला आणि सहा आठवडे खपून त्याने ते वर्तुळ पुन्हा गोल केले. पुढे हैदराबादेहून नागपुरास जात असता 1823 च्या जानेवारीत, सत्तरीच्या सुमारास, तो वाटेतच वारला. हिंगणघाट आज कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे; त्या कबरीची चौकशी करीत येणारा विरळाच.

त्याच्यामागे काम आले जॉर्ज एव्हरेस्टकडे. चंबळेच्या उत्तरेस सपाट मैदान, धुळीने भरलेली हवा, ना डोंगर ना गोपूर. तेव्हा एव्हरेस्टने सुमारे 50 फूट उंचीचे पक्के मनोरे बांधविले, रात्री दिवे लावून कोन पाहिले आणि दृष्टीच्या आड येणारी झाडे, प्रसंगी घरेही, भरपाई देऊन हटविली. मनोऱ्यावरून दुर्बीण लावणारे साहेब जनानखान्यात डोकावतात, अशी गावकऱ्यांची तक्रार असे. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही; उंचावर बसलेल्या मनुष्यास काय दिसते, हे खालच्यास कसे कळावे? कन्याकुमारीपासून मसुरीजवळच्या बानोगपर्यंतचा हा सुमारे 2,400 किलोमीटरांचा कंस 1841 साली पुरा झाला.

50 फुटांचेच मनोरे का, ह्याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे 14 किलोमीटरांवर असते. दोन्ही टोकांस असे मनोरे उभारले, की हे अंतर दुप्पट होते. मोबाइलचा मनोरा कोठे उभारावा, हे ठरविणारा अभियंता आज हाच हिशेब करतो. दोन मनोऱ्यांमधील लहरी हवेत किंचित वाकतात, म्हणून त्या दृष्टीपेक्षा थोड्या पुढे पोहोचतात. उलट, त्यांना नुसती मोकळी रेषा पुरत नाही, तिच्याभोवती लांबट फुग्याएवढी जागा मोकळी लागते. एव्हरेस्टची माणसे महिनोन्‌महिने हिंडून जे पाहत, ते संगणक भूमीच्या उंचीचे आकडे घेऊन काही क्षणांत सांगतो. हे आकडे मुख्यतः 2000 सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांत रडारने टिपले. तथापि त्या रडारला दाट झाडीचा माथा आणि जमीन ह्यांतला भेद नीट कळत नाही. आंब्याची राई टेकडी होऊन बसते. म्हणून जाणता अभियंता अखेर पायी जाऊन पाहतोच.

आता पुन्हा माझ्या फाटकाकडे येतो. हिंदुस्थानच्या जुन्या नकाशांचेही एक फाटक होते. मध्य भारतात सिरोंजजवळ कल्याणपूर नावाचे ठाणे आहे. देशातील साऱ्या जागा तेथून मोजल्या जात, आणि पृथ्वीचा आकार धरला जाई तो एव्हरेस्टने 1830 साली काढलेला. उपग्रहांवरून स्थान सांगणारी आजची यंत्रे पृथ्वीच्या मध्यापासून आणि वेगळ्या आकारावरून मोजतात. त्यामुळे जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आजच्या यंत्रात घातले, तर आपल्या भागात जागा 100 मीटरांहून अधिक सरकते. मनोऱ्यासाठी निवडलेली टेकडी शेजारच्या ओढ्यात जाते आणि कबर दफनभूमीच्या बाहेर पडते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नकाशे नव्या पद्धतीत आणले. जुने मात्र अजून कपाटांतून आहेत आणि वापरलेही जातात.

2000 सालच्या 2 मे पर्यंत अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळली होती; सामान्य माणसाचे यंत्र 100 मीटरांपर्यंत चुके. आता खिशातला फोन काही मीटरांच्या आत जागा सांगतो. मनोऱ्याला ते प्राथमिक पाहणीस पुरते. कबरीला पुरत नाही, कारण दोन कबरींमध्ये अंतर असते हातभर. तेथे ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असे स्थिर केंद्र जोडीला घेऊन सेंटीमीटरांची मोजणी करावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी केंद्रे आता उभारली आहेत.

आमच्या धर्मग्रामात एवढे सामान कोठून येणार? मी वर्गातील मुलांना घेऊन गेलो. जुन्या कुंपणाच्या पायाचे दगड गवतात सापडले, त्यांवरून फाटकाची मूळ जागा निघाली. तेथून टेप धरून मुलांनी ओळी मोजल्या, वेदीमागच्या भिंतीचा कोपरा आणि विहिरीचा काठ ह्या दोन न हलणाऱ्या खुणांपासून प्रत्येक कबरीचे अंतर घेतले आणि मग ते संगणकावरील नकाशात भरले. भूमितीच्या तासाला जांभया देणारी पोरे त्या दिवशी दुपारचे जेवण विसरली. आजीची कबर भिंतीकडे निघाली, पाच पावलांवर. मी इतकी वर्षे ज्या कबरीवर मेणबत्ती लावीत होतो, ती कोणाची हे नोंदवहीत नाही. तेथील दोन पाने वाळवीने खाल्ली आहेत. नकाशात मुलांनी तिच्या जागी नुसता क्रमांक घातला आहे. गेल्या नोव्हेंबरात मी मेणबत्त्या दोन नेल्या होत्या.