साथीचे रोग आणि मुंबईची सज्जता : आर्थर रोड ते मालाड

रोगराईचा इतिहास हा केवळ मृत्यूंच्या आकड्यांचा इतिहास नसतो. संकट येण्यापूर्वी समाजाने काय जमवून ठेवले होते, याचाही तो हिशेब असतो. मुंबईपुरता हा हिशेब मांडावयाचा झाल्यास त्याचे पहिले पान इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात उघडावे लागते.

मांडवी हा त्या काळी धान्याच्या वखारींचा आणि व्यापारी कुटुंबांच्या दाट वस्तीचा भाग. तेथील रुग्णांना तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पाहता पाहता शहरात हाहाकार उडाला. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती. मृत्यू आणि स्थलांतर यांमुळे १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. आजचे गजबजलेले मालाड त्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील एक खेडे होते.

शहरात तयारी मुळीच नव्हती असे नव्हे. संसर्गजन्य रोगांसाठी महापालिकेचे आर्थर रोड रुग्णालय १८९२ पासून उभे होते. हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. इमारत होती, खाटा होत्या; नव्हता तो लोकांचा विश्वास. ऑक्टोबर १८९६ मध्ये महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम काढला. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा घरोघरी पसरली, आणि त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने या रुग्णालयावर हल्ला केला. महिनाअखेरीस हुकूम सौम्य करणे सरकारला भाग पडले. पुढे निरनिराळ्या समाजांनी व ज्ञातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली. आपल्या माणसांची शुश्रूषा आणि आपल्या आचाराचे अन्न मिळू लागताच, जे लोक रुग्ण लपवीत होते तेच त्याला रुग्णालयात आणू लागले. सक्तीने जे साधले नाही ते आपुलकीने साधले.

दुसरा धडा अधिक कठोर होता. १८९७ च्या आरंभी शहरातील ख्यातनाम डॉक्टर मॅन्सर यांचा प्लेगने मृत्यू झाला, आणि पाठोपाठ त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही दगावली. दोघांच्याही अंगावर गाठ आढळली नव्हती. डॉ. चाइल्ड यांनी शोध घेतला, तेव्हा हा रोग फुप्फुसांतही शिरतो आणि रुग्णाच्या खोकल्यावाटे जवळच्यास गाठतो, हे उघड झाले. रुग्णसेवा करणाऱ्याचे रक्षण हा चैनीचा विषय नाही. सेवकच पडला तर रुग्णाला कोण उचलणार?

तिसरा धडा डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी दिला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. साथ ओसरली, परंतु संस्था टिकली, हे विशेष.

टिकलेल्या संस्थांचे मोल शंभर वर्षांनंतर कळले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची भीती पसरून लाखो लोक गाव सोडून निघाले, तेव्हा मुंबईतील संशयितांना कस्तुरबा रुग्णालयाचाच आधार होता. जानेवारी २०२० मध्ये चीनहून आलेल्या संशयित प्रवाशांसाठी पहिला विलगीकरण कक्षही तेथेच सिद्ध झाला.

पुढे कोविडची साथ उपनगरांत शिरली. जून २०२० मध्ये मालाड ते दहिसर पट्ट्यात रुग्ण झपाट्याने वाढले. कुरार, आप्पापाडा यांसारख्या दाट वस्त्यांत घरातल्या घरात वेगळे राहणे अशक्यच होते. तेव्हा फिरते ताप-दवाखाने वस्तीच्या तोंडाशी गेले, आणि खाटा देण्याचे काम प्रभागवार नियंत्रण कक्षांकडे सोपविण्यात आले. २८ जून २०२१ रोजी मालाडमध्ये २,१७० खाटांच्या जंबो केंद्राचे लोकार्पण झाले. साथ ओसरल्यावर इतर जंबो केंद्रांप्रमाणे तेही बंद झाले.

येथेच विचार करावयास हवा. मंडप उभा करता येतो आणि खाटा विकत आणता येतात. परंतु संरक्षक पोशाख अंगाला संसर्ग न लागू देता कोणत्या क्रमाने उतरवावा, हे जाणणारी परिचारिका आठवड्याभरात घडत नाही. पोशाख उतरविण्याचा क्षणच सर्वांत धोक्याचा असतो, आणि त्याचा सराव शांततेच्या काळातच होऊ शकतो. प्राणवायूची व्यवस्था, संशयितांसाठी वेगळे प्रवेशद्वार, सफाई कामगारांचे प्रशिक्षण आणि वस्तीतील आरोग्यसेविकेविषयीचा विश्वास, या साऱ्यांची जोपासना रोग नसतानाच करावी लागते.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. आर्थर रोडवर ही विहीर साथीच्या चार वर्षे आधी खोदलेली होती. तिचे पाणी पिण्यास लोक तयार नव्हते, ही उणीव समाजाने भरून काढली. मालाडची विहीर तहान लागल्यावर खोदली गेली आणि तहान भागताच बुजविली गेली. पुढील साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा उपनगरांजवळ कायमस्वरूपी रुग्णालय, प्रशिक्षित सेवक आणि त्यांच्यावर विसंबणारा समाज असावा, हेच या सव्वाशे वर्षांच्या हिशेबाचे सार होय.