श्वसनीदर्शन व जीवोतक परीक्षा

श्वसनीदर्शन व जीवोतक परीक्षा : श्वासनाल व त्याच्या शाखा (श्वसनी) यांचे आतून प्रत्यक्ष निरीक्षण करणे आणि संशयास्पद भागातील ऊतकाचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. व्यवहारात यांस अनुक्रमे ब्राँकोस्कोपी व बायोप्सी म्हणतात.

क्ष-किरण चित्रात फुप्फुसात छाया दिसते, परंतु ती कशाची हे चित्र सांगत नाही. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात अशी छाया क्षयाचीच मानण्याकडे कल राहिला. बहुधा ते बरोबरही ठरते. मात्र थुंकीत जंतू न सापडता केवळ छायेवरून क्षयाचे उपचार चालू राहिले आणि मूळ रोग कर्करोग असला, तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

फ्रायबुर्क येथील गुस्टाफ किलिआन यांनी १८९७ मध्ये कोकेनने घसा बधिर करून एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वसनीत अडकलेले हाड ताठ नळीतून काढले. अमेरिकेत शेव्हालिअर जॅक्सन यांनी नळीच्या टोकाशी दिवा बसवून हे तंत्र विकसित केले. ताठ नळी मोठ्या श्वसनींपलीकडे फारशी पोहोचत नसे. काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते, हे हॅरल्ड हॉपकिन्झ व पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये दाखविले. त्याच तत्त्वावर शिगेतो इकेदा यांनी जपानमध्ये लवचिक दर्शक सिद्ध केला (१९६६). त्यातून बारीक चिमटा घालून छाती न उघडता ऊतक मिळू लागले. रक्तस्राव व वातवक्ष (फुप्फुसावरणाच्या पोकळीत हवा शिरणे) हे यातील मुख्य धोके होत. छातीच्या भिंतीलगतच्या गाठीसाठी बाहेरून सुई घालणे अधिक सोयीचे असते. तुकड्यात रोग आढळला नाही, म्हणून तो नाहीच असे ठरत नाही.

खानदेशात या परीक्षेला विशेष महत्त्व आहे. जळगाव व धुळे हे कापसाचे जिल्हे. सरकी काढण्याच्या कारखान्यांतील धुळीने छाती आवळते, दमही लागतो. परंतु त्या विकारात क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष असते. म्हणून अशा कामगाराच्या फुप्फुसातील छायेचा दोष कापसाला देऊन थांबणे चुकीचे ठरते. कणार्बुदे (दाहजन्य सूक्ष्म गाठी) आढळूनही जंतू न दिसल्यास क्षय की सार्कॉइडता, हा प्रश्न अनुभवी विकृतिवैज्ञानिकालाही अडवितो. तेव्हा तुकड्याच्या जोडीला जंतुसंवर्धन व २०१० नंतर प्रचारात आलेली जनुकीय चाचणी लागते.

अशा तपासण्यांसाठी भिषक व विकृतिवैज्ञानिक एकाच ठिकाणी असावे लागतात. खानदेशातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय धुळे येथे १९८९ मध्ये निघाले. जळगावला ते २०१८ मध्ये मिळाले.