वृद्ध व आजारी फेरेटचा आहारपालट

पाळीव फेरेट वयस्क किंवा आजारी झाल्यावर त्याला कोरड्या, दाणेदार खाद्यावरून कच्च्या मांसाच्या आहारावर आणण्याची प्रक्रिया. फेरेट (शास्त्रीय नाव मुस्टेला फुरो) हा मुस्टेलिडी कुलातील लहान, लांबोडका मांसाहारी प्राणी. युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळला. महाराष्ट्रातल्या नद्यांत आढळणारी पाणमांजरे याच कुलातली. दिसायला जवळचे वाटणारे मुंगूस मात्र दुसऱ्या कुलातले. प्रौढ मादीचे वजन साधारण ६०० ते ९०० ग्रॅम, नराचे १ ते २ किलो. आयुष्य बहुधा ५ ते ८ वर्षांचे, त्यामुळे चौथे वर्ष लागले की त्याला वयस्क धरतात. तरुण व धडधाकट फेरेटचा आहार बदलायला चिकाटी पुरते. म्हाताऱ्या, आजारी फेरेटला मात्र एका वेळचा उपासही जिवावर बेतू शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत बदलाची रीत आणि वेग यांना मांसाच्या निवडीइतकेच महत्त्व आहे.

फेरेटचे शरीर पूर्णतः मांसाहारासाठी घडलेले आहे. आतडे आखूड, अंधनाल नाही, आणि खाल्लेले अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते. एवढ्या कमी वेळात तंतुमय पदार्थ पचत नाहीत आणि पिष्टमय पदार्थांचाही नीट उपयोग होत नाही. जबडा फक्त वर-खाली हलतो. आडवा हलवून रवंथ केल्यासारखे चावणे त्याला जमत नाही. रानातला पोलकॅट ससे, उंदीर, बेडूक, पक्षी असे भक्ष्य हाडामांसासकट खातो. कोरड्या खाद्याचा दाणा घट्ट बांधायचा तर त्यात पिष्ट घालावेच लागते, आणि पिष्टाची शरीराला गरज नसणाऱ्या प्राण्याला ते आयुष्यभर खावे लागते. कच्च्या मांसाचा आग्रह धरणाऱ्यांचा मूळ मुद्दा हा आहे आणि शरीररचनेच्या दृष्टीने तो बरोबर आहे. मात्र पुढे जाऊन ‘दाण्यांमुळेच स्वादुपिंडाचे अर्बुद होते’ असे जे ठामपणे सांगितले जाते, ते सिद्ध झालेले नाही.

ब्रिटनमध्ये सशांच्या बिळात फेरेट सोडून शिकार करण्याची परंपरा जुनी आहे. तिथले शिकारी एकीकडे त्याला सशाचे मांस देत आणि दुसरीकडे पाव-दूध खाऊ घालत. पाव-दुधाची ही पद्धत कित्येक पिढ्या टिकली. तिच्यामुळे पातळ जुलाब आणि कुपोषण होई, तरी ‘फेरेटची विष्ठा अशीच असते’ अशी समजूत रूढ झाली. अमेरिकेत फेरेट घरात आला तेव्हा त्याच्या वाट्याला आधी मिंक प्राण्यांचे आणि मांजरांच्या पिल्लांचे खाद्य आले, नंतर फेरेटसाठी म्हणून तयार होणारे दाणे आले. तिथली बहुतेक पिल्ले दुकानात येण्यापूर्वीच भिजवलेल्या दाण्यांवर वाढलेली असतात.

वासाची ओळख. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील प्राणिशास्त्रज्ञ राइमुंड आप्फेलबाख यांनी दाखवून दिले, की आयुष्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फेरेट ज्या अन्नाचा वास घेतो तेच अन्न त्याच्या लेखी अन्न ठरते. त्यानंतर भेटलेला वास त्याला परका वाटतो. सहा वर्षे एकाच चवीचे दाणे खाल्लेल्या फेरेटपुढे ताज्या कोंबडीचा तुकडा ठेवला, तर तो नाक जवळ नेतो, मान वळवतो आणि पुष्कळदा पुढच्या पायांनी वाडग्याभोवतीची चादर उकरून त्यावर ओढतो. मालकाला हा हट्ट वाटतो. प्रत्यक्षात तो पदार्थ खाण्याचा आहे हेच त्या प्राण्याला कळलेले नसते. ‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला इथे क्रूर तर आहेच, शिवाय धोक्याचाही आहे.

आजारांचा संदर्भ. वयस्क फेरेटमध्ये सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो इन्सुलिनोमाचा. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे हे अर्बुद असून त्यामुळे रक्तातली साखर वारंवार घसरते. निरोगी फेरेटची रक्तशर्करा साधारण ९० ते १२५ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर असते; थोड्या उपासानंतर ती ६० च्या खाली गेली, तर इन्सुलिनोमाचा दाट संशय घेतात. सुरुवातीची लक्षणे सहज निसटतात : प्राणी झोपेतून लवकर उठत नाही, उठल्यावर शून्यात बघत बसतो, चालताना मागचे पाय लटपटतात. पुढे लाळ गळते, पुढच्या पंज्यांनी तो तोंड खरवडतो आणि अखेर आकडी येते. अशा वेळी हिरड्यांना किंचित मध चोळतात, जरा सावरला की लगेच मांसयुक्त अन्न भरवतात आणि पशुवैद्याकडे नेतात. मधावर थांबले तर साखर झटकन वाढते, अर्बुद आणखी इन्सुलिन सोडते आणि दुसरी घसरण पहिल्यापेक्षा वाईट असते. आकडीत असलेल्या प्राण्याच्या तोंडात बोट किंवा सिरिंज घालू नये.

इन्सुलिनोमाच्या फेरेटला दर तीन-चार तासांनी अन्न मिळाले पाहिजे. मांसातील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांच्यामुळे साखरेचे चढउतार सौम्य राहतात, म्हणून या आजारात मांसाहार खरोखर उपयोगी आहे. पण ज्याला आहारपालटाचा सर्वाधिक फायदा, त्यालाच उपाशी ठेवणे सर्वाधिक घातक, अशी ही अडचण आहे. आहाराने अर्बुद जात नाही. प्रेडनिसोलोन, डायझॉक्साइड ही औषधे किंवा शस्त्रक्रिया यांची गरज राहतेच.

हेलिकोबॅक्टर मुस्टेली या जिवाणूमुळे जठराला व्रण झालेला फेरेट दात खातो, त्याला मळमळते आणि त्याची विष्ठा डांबरासारखी काळी होते. आधी व्रणावर उपचार करावेत, नंतर अन्न बदलावे. आतड्याच्या जुनाट दाहात एका वेळी एकच प्रकारचे मांस आणावे, म्हणजे काय सोसते आणि काय नाही हे उमगते. अधिवृक्क ग्रंथींच्या विकारात शेपटीपासून केस गळतात आणि नरात पुरःस्थ ग्रंथी सुजून लघवी अडते. त्यावर हार्मोनचे उपचार आहेत. डेस्लोरेलिन या त्वचेखाली बसवायच्या कांडीची अमेरिकेत २०१२ मध्ये कायदेशीरपणे विकता येणाऱ्या औषधांच्या सूचीत नोंद झाली. आहाराचा या विकारावर विशेष परिणाम होत नाही. मूत्रपिंडे निकामी होत असतील तर हाडांमधला फॉस्फरस त्रासदायक ठरतो. अशा फेरेटला हाडासकट मांसाचा ठरावीक आहार देऊ नये, पशुवैद्याने आखलेलाच आहार द्यावा.

पूर्वतयारी. रक्तशर्करा, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, दातांची तपासणी आणि हृदयाची स्थिती पाहिल्याशिवाय सुरुवात करू नये. दुखऱ्या सुळ्यामुळे मांस नाकारणाऱ्या फेरेटला लोक उगाच हट्टी ठरवतात. घरात एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा स्वयंपाकघरातला काटा असावा आणि रोज ठरावीक वेळी वजन लिहावे. ऋतूप्रमाणे फेरेटचे वजन बदलते, पण आहारबदलाच्या काळात ते विसाव्या भागाइतके घटले तरी थांबून जुन्या अन्नाकडे वळावे. न खाणाऱ्या फेरेटच्या यकृतात चरबी साठू लागते आणि मग भूक आणखी मरते.

पद्धत. पहिल्या टप्प्यात जुने दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करतात. वास तोच, फक्त पोत बदललेला. कोरडे दाणेही जवळ ठेवतात. बऱ्याच म्हाताऱ्या फेरेटांना एवढ्यानेच बरे वाटते, कारण झिजलेल्या दातांना दाणा टोचत असतो. ही लापशी आवडीने खाऊ लागल्यावर तिच्यात अगदी थोडे, पाव चमच्याहून कमी, बारीक वाटलेले कच्चे मांस मिसळतात. कोंबडीच्या मांडीचे मांस बहुतेकांना सोसते. मिश्रण अंगाइतके कोमट असावे. फ्रिजमधून काढलेल्या गार खिम्याला वास नसतो आणि फेरेटला वासाशिवाय अन्न ओळखता येत नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून मिश्रण कोमट करावे, मायक्रोवेव्हमध्ये नको, कारण त्यात हाडाचा अंश असेल तर तो शिजून कडक होतो.

भरवण्याची रीत अशी : फेरेटला टॉवेलात सैल गुंडाळून मांडीवर घ्यावे, बोटाच्या टोकावर थोडे मिश्रण घेऊन ओठाच्या कडेला लावावे आणि थांबावे. तो जीभ फिरवतो, तोंड वेडेवाकडे करतो, पुन्हा जीभ फिरवतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुष्कळ फेरेट बोट चाटू लागतात, मग चमचा, मग वाटी. घशात सिरिंजने ढकलू नये. श्वासनलिकेत अन्न जाण्याची भीती असतेच, शिवाय त्या वासाशी कायमची भीती जोडली जाते. अगोदर आवडणाऱ्या तेलाचा, उदाहरणार्थ सामन माशाच्या तेलाचा, एखादा थेंब वर घातला किंवा जुन्या दाण्यांची पूड भुरभुरली तर ओळख पटायला मदत होते.

मांसाचे प्रमाण दर काही दिवसांनी थोडे वाढवावे. तरुण फेरेट दोन-तीन आठवड्यांत बदलतो, आजारी म्हाताऱ्याला कित्येक महिने लागू शकतात आणि ते द्यावेत. वाटलेले मांस रुळल्यावर बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यानंतर कोंबडीची मान किंवा पंखाचे टोक अशी मऊ हाडे येतात. दात खराब असतील तर या टप्प्यावर जाण्याची गरज नाही. हाड यंत्रात वाटून खिम्यातच द्यावे. शिजवलेले हाड कधीही देऊ नये. ते फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात.

घटक. नुसता बोनलेस खिमा हा पूर्ण आहार नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. महिनोन्‌महिने तोच खिमा दिला तर शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून सर्वसाधारण हिशेब स्नायूंचे मांस सुमारे ८० टक्के, खाण्याजोगे हाड १० टक्के, काळीज (यकृत) ५ टक्के आणि मूत्रपिंड किंवा प्लीहा असा दुसरा ग्रंथियुक्त अवयव ५ टक्के असा धरतात. काळीज यापेक्षा जास्त झाले तर जीवनसत्त्व ‘अ’चा अतिरेक होतो. कोंबड्यांची हृदये टॉरिनसाठी चांगली, आणि ती स्नायूंच्या मांसात मोजायची. प्रौढ फेरेट दिवसाला वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के मांस खातो. कच्चे मासे मुख्य अन्न म्हणून देऊ नयेत. काही माशांतला थायमिनेज हा एन्झाइम जीवनसत्त्व ‘ब-१’ नष्ट करतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात कच्च्या माशांवर वाढवलेल्या कोल्ह्यांना त्यामुळे अर्धांगासारखा विकार झाला आणि कोल्हे पाळणाऱ्याच्या नावावरून तो ‘चॅस्टेक पक्षाघात’ म्हणून ओळखला गेला.

विष्ठेकडे रोज पाहावे. मांसावर आलेल्या फेरेटची विष्ठा कमी, गडद आणि बांधीव असते. पांढरट, भुसभुशीत झाली तर हाड जास्त झाले. हिरवी बुळबुळीत किंवा बारीक बियांसारखे कण असलेली विष्ठा दिसली, तर अन्न न पचता पुढे सरकते आहे. एखाद दिवस हे चालते. टिकून राहिले तर मागच्या टप्प्यावर यावे. काळी, चिकट विष्ठा म्हणजे रक्तस्राव, त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

संसर्गाचा धोका. कच्च्या मांसातून साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया यांचा संसर्ग होऊ शकतो. प्रेडनिसोलोनवर असलेल्या फेरेटची प्रतिकारशक्ती दबलेली असते, आणि घरातले वृद्ध, लहान मुले व गरोदर बायकाही त्याच भांड्यांच्या सान्निध्यात असतात. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ मध्ये कुत्र्या-मांजरांना कच्चे प्राणिज अन्न न देण्याचे धोरण स्वीकारले. गोठवल्याने मांसातले काही परजीवी मरतात, जिवाणू आणि इन्फ्लुएंझाचे विषाणू मात्र टिकून राहतात. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत फेरेट विशेष नाजूक आहे : १९३३ मध्ये लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला तो फेरेटना संसर्ग घडवूनच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात टर्कीचे कच्चे खाद्य खाल्लेले मांजर एच५एन१ बर्ड फ्लूने दगावले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या मांसापासून कुत्र्या-मांजरांचे खाद्य बनवणाऱ्यांना या विषाणूचा धोका आपल्या सुरक्षा-आराखड्यात धरायला लावला. बर्ड फ्लूची साथ असलेल्या भागात आजारी फेरेटला कच्चे पक्षिमांस न देणेच बरे. कच्चे डुकराचे मांसही टाळावे, त्यातून ऑजेस्की हा विषाणुजन्य रोग होऊ शकतो.

मधला मार्ग. काहींच्या बाबतीत पूर्ण पालट करूच नये. लिम्फोमा या कर्करोगाची अखेरची अवस्था, मूत्रपिंडांचा बळावलेला विकार, वजनाची सतत घसरण अशा वेळी प्राणी जे खातो तेच त्याचे पथ्य. हाड काढून हलके शिजवलेल्या कोंबडीची पातळ पेज, डबाबंद मांसाहारी खाद्य किंवा ऑक्सबो कंपनीचे ‘कार्निव्होर केअर’ यांसारखी पूड कोमट पाण्यात कालवून देता येते. शिजवलेल्या मांसात कॅल्शियम व टॉरिन वेगळे मिसळावे लागते. अर्धे भिजवलेले दाणे आणि अर्धे मांस एवढ्यावर कायमचे थांबलेले अनेक फेरेट समाधानाने जगतात. आहार बदलत असताना औषधाची मात्रा मालकाने स्वतःहून कमी करू नये. नवीन आहार दोन-तीन आठवडे स्थिर राहिला की रक्तशर्करा पुन्हा तपासून पशुवैद्य ही मात्रा ठरवतो.