गुलाम, सरदार, वजीर : मलिक अंबर

कामतघरच्या आमच्या उर्दू शाळेत इतिहासाच्या तासाला मलिक अंबरचे नाव आले की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, हा आपला होता की परका?" यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली ही मुले. कुणाचे अब्बा उत्तर प्रदेशातून आलेले, कुणाचे तेलंगणातून. हा प्रश्न त्यांना पुस्तकातून सुचलेला नसतो.

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे दख्खनमध्ये आला तेव्हा त्याला निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने विकत घेतले. हा चंगेज खानही मूळचा हबशी गुलामच! मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. पदरी थोडे घोडेस्वार जमवले आणि मिळेल त्या दरबारी चाकरी केली.

ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे जपानमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली आणि आपसात झुंजणाऱ्या घराण्यांवर तोकुगावा इएयासूने जरब बसवली. आपल्याकडे मात्र तेव्हा झुंज नव्याने पेटली. अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याला गादीवर बसवला आणि त्याला आपली मुलगी दिली. राजू दख्खनी हा दुसरा सरदार निम्मा मुलूख बळकावून बसला होता. त्याचा काटा काढायला १६०७ उजाडले. पुढे १६१० मध्ये खुद्द जावई सुलतानही मेला. विषप्रयोग झाला आणि त्यामागे अंबर होता, असे सांगतात. आपल्या माणसाचे कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवू नये.

त्याच वर्षी खडकी ही राजधानी झाली. तिथे जमिनीखालून नहर काढून त्याने घरोघर पाणी खेळवले. मोगलांनी १६१६ मध्ये ते शहर जाळले. त्याच सुमारास बादशहा जहांगीरने एक चित्र काढून घेतले. त्यात भाल्यावर अंबरचे तुटलेले मुंडके आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याच्या हाती कधीच लागले नाही.

१६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या. अंबर तेव्हा पंचाहत्तरीचा! त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. समोर मोगलांकडून होते शहाजींचे सासरे लखुजी जाधव. मुलांना मी हे फळ्यावर दोन रकाने आखून दाखवतो. मग कोण कुठल्या धर्माचा ते विचारतो. रकाने पार विस्कटून जातात.

१६२६ मध्ये अंबर वारला. जहांगीरच्या दरबारी इतिहासकाराने, मोतमद खानाने, या शत्रूची तोंडभरून तारीफ लिहून ठेवली आहे. पुढे सात वर्षांत अंबरच्या मुलाने, फतेह खानाने, दौलताबाद मोगलांच्या हवाली केले.

खुलताबादला अंबरची कबर आहे. ज्या गावात विकला जाऊन आला नाही, पण ज्या मुलखासाठी सव्वीस वर्षे लढला, त्याच मुलखाच्या मातीत.