झोपड्यांचा दवाखाना

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की चातगावजवळ ‘सर्च’ या संस्थेचं शोधग्राम येतं. तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहून विचारतो, दवाखाना कुठाय? समोर झोपड्याच दिसतात. त्या झोपड्या म्हणजेच माँ दंतेश्वरी दवाखाना.

या दवाखान्याचं कूळ शोधायचं तर इथल्या गोंड आदिवासींच्या तक्रारींपासून सुरुवात करावी लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. त्यांच्या ‘सर्च’चं पहिलं बिऱ्हाड तेंदूपत्त्याच्या गोदामात होतं. आदिवासी दवाखान्याची पायरी का चढत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं रोखठोक आली. इमारत एवढी मोठी की आत माणूस हरवतो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात, आणि पांढरं कापड तर प्रेताला गुंडाळतात; असा माणूस जीव काय वाचवणार? पेशंट आत, सोबतची माणसं बाहेर. शिवाय तिथे आमचा देव नाही. हे अडाणीपण म्हणून हसण्यावारी नेणाऱ्याने शहरातल्या एखाद्या मोठ्या इस्पितळाच्या वऱ्हांड्यात, पेशंटची सोबत करत एक रात्र काढून बघावी.

गरिबांसाठी बांधलेल्या भिंतींचं एक जुनं उदाहरण लंडनचं. तिथे जॉर्ज पीबॉडीच्या देणगीतली पहिली धर्मादाय चाळ १८६४ मध्ये कामकऱ्यांसाठी उभी राहिली. नियम कडक होते; लस टोचून घेतल्याशिवाय खोली मिळत नसे. डॉ. आर्थर न्यूजहोम यांनी १८९१ मध्ये या चाळींतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा तिथले बालमृत्यू लंडनच्या सरासरीपेक्षा कमी निघाले. म्हणजे धर्मादाय भिंतींनी जीव वाचतात, यात वाद नाही. फक्त त्या भिंती कशा असाव्यात, हे विश्वस्त ठरवत.

शोधग्रामात ते गोंडांनी ठरवलं. १९९३ च्या सुमारास तिथे वस्ती उभी राहिली, ती त्यांच्या गावासारखी: वॉर्डाच्या जागी झोपड्या, त्यात नातेवाइकांना सोबत राहायची मुभा, आणि नाव दंतेश्वरी देवीचं.

पण तान्हं बाळ या झोपडीपर्यंतही पोचत नव्हतं. बाळंतपण घरी व्हायचं, आणि बाळ जायचं तेही घरीच. मग वॉर्डच घरात न्यायचं ठरलं. गावातल्याच बायांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं ही कामं त्या घरात बसून करू लागल्या. ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. तीन वर्षांत हा आकडा २५.५ वर आला. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापले.

२०११ पासून केंद्र सरकारने घरभेटींची ही पद्धत देशभर आशाताईंकडे सोपवली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात.