कर्ज शेतीचे, हप्ता पगाराचा

भाईंदरच्या पश्चिमेला, तारोडीसारख्या गावांच्या पट्ट्यात, वर्षाचे दोन भाग पडत. पावसाळ्यात भात, पाऊस सरला की मिठागरे. आगर हा शब्द इथे शेतीइतकाच जुना आहे. त्यामुळे ‘शेतकरी म्हणजे फक्त शेतीवर जगणारा’ ही व्याख्या मला कधी पटली नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा मात्र बराचसा त्याच व्याख्येवर उभा होता.

१८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. त्याने कुळाला कोर्टात थोडे संरक्षण दिले, पण पेरणीला पैसा दिला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ग्रामीण संस्थेत पाचापैकी चार सभासद शेतकरी हवेत आणि जबाबदारी अमर्याद असावी, असा त्याचा दंडक होता. म्हणजे एकाचे कर्ज बुडाले तर झळ साऱ्यांना. १९०५ मध्ये धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळला संस्था निघाली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक आली.

पण हप्ता कोणत्या पैशातून फिटायचा? याचा विचार करायला घरोघरचा जमाखर्च हवा. तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला मांडला. त्यांचे पुस्तक १९१७ चे. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारण सुमारे ४० एकरांची होती, १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली. १०३ कुटुंबांपैकी केवळ जमिनीवर ज्यांचे भागत होते अशी कुटुंबे फक्त ८. बाहेरच्या कामाची जोड मिळाल्यावर भागणारी २८. उरलेल्या ६७ घरांत जोड धरूनही तूटच होती. बाहेरचे काम म्हणजे मुख्यतः खडकीचा दारूगोळा कारखाना.

या आकड्यांचा माझा अर्थ असा, की त्या २८ घरांत शेत टिकले ते मजुरीच्या बळावर. नाव शेतीचे, आधार पगाराचा. पुढे मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक पाहिले (१९२१). ते कोरडवाहू गाव, पुण्यापासून लांब. तिथली अवस्था आणखी बिकट निघाली.

पतसंस्थेची खरी मर्यादा मला इथे दिसते. स्वस्त व्याजाने सावकाराचा फास सैल होतो, पण तुटीच्या घराला दिलेले कर्ज स्वस्त असले तरी कर्जच राहते. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याला जामीन सहज मिळतो. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठी सही करायला शेजारी कचरतो, कारण अमर्याद जबाबदारीत शेजाऱ्याचेही घर पणाला लागलेले असते. म्हणून पतपेढीचे यश मोजताना किती कर्ज वाटले याआधी, गावाला शेताबाहेर किती काम होते, हे विचारावे.